मेल आपल्या नावानं, पाठवणारा भलताच: एका वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतलं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, बाकी प्रकरण जसं घडलं तसंच आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, इथं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल पंपवाल्यांना, ट्रॅक्टरच्या पार्टवाल्यांना जातो. मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात, अकाउंटला एक मॅडम, डिस्पॅचला एक पोरगा, बाकी मशीनवरची माणसं. मी बाहेरनं त्यांचं कॉम्प्युटरचं बघतो.

आठदहा वर्षांपूर्वी एका वेबसाइटवाल्या पोरानं त्यांना स्वतःच्या नावाचं डॉट कॉम डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) घेऊन दिलं, वेबसाइट केली, मेल चालू केली. पुढं मेल एका मोठ्या कंपनीच्या पेड सर्व्हिसवर हलवली पण वेबसाइट जुन्या शेअर्ड होस्टिंगवरच, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या सर्व्हरवर, राहिली. त्या पोरानं तेव्हा ‘कॅच-ऑल’ पण चालू करून ठेवलेलं, म्हणजे डोमेनच्या आधी काहीही लिहा, सेल्स लिहा, सेल लिहा, चुकीचं स्पेलिंग लिहा, मेल दादांच्याच बॉक्सात पडणार. उद्देश चांगला होता, एखादी इन्क्वायरी चुकू नये. डोमेनचं लॉगिन मात्र त्याच पोराच्या मेलवर आणि मोबाइलवर राहिलं. इकडच्या दहातल्या आठ कारखान्यांत हेच असतं.

नेमकं झालं काय

एका सोमवारी दादांच्या इनबॉक्सात ‘तुमचा मेल पोचला नाही’ म्हणून परत आलेल्या मेलांचा ढीग. मेलर-डीमन, पोस्टमास्टर असल्या सर्व्हरच्या आपोआप चालणाऱ्या पत्त्यांकडनं, जर्मन भाषेत, फ्रेंचमध्ये. मधेच ‘मी सुट्टीवर आहे’ असे ऑटो रिप्लाय. आणि दोनचार खऱ्या माणसांचे चिडलेले मेल, की मला परत असलं काही पाठवलंत तर तक्रार करीन. दुपारपर्यंत ढीग एवढा वाढला की त्यात एक खरी परचेस ऑर्डर कुठं गेली ते मॅडमना सापडेना.

परत आलेला मेल उघडून बघितला की आत मूळ मेल जोडलेला दिसायचा. तुमचं पार्सल अडकलंय, एवढी फी भरा, खाली लिंक. पाठवणारा म्हणून आमचं डोमेन, आणि आधी कुठलंही नाव, जे पत्ते आम्ही कधी बनवलेच नव्हते. कॅच-ऑलमुळं त्या सगळ्या न-जन्मलेल्या पत्त्यांचा कचरा दादांच्याच अंगावर येत होता.

दोन दिवसांनी खरा त्रास सुरू झाला. पुण्याकडच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधनं फोन, की तुमची बिलं आमच्याकडं क्वारंटाइनला, म्हणजे संशयित मेल बाजूला टाकतात तिथं, पडायला लागलीत, आमच्या आयटीवाल्यांनी तुमच्या डोमेनवर खूण केलीय. हे ऐकल्यावर दादा हलले. तोवर त्यांच्या लेखी तो नुसता कचरा होता.

पहिला प्रश्न: हॅक झालंय का कुणी नाव वापरतंय

सगळ्यांचं पहिलं वाक्य ‘हॅक झालं’ हेच होतं. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि औषधंही वेगळी, त्यामुळं आधी हे ठरवणं भाग होतं. खातं खरंच कुणाच्या हातात गेलं असेल तर तास मोजावे लागतात, बिलावरचा बँक खातं नंबर बदलून गिऱ्हाइकाला पाठवला की लाखोंचा खेळ होतो. नुसतं नाव वापरलं जात असेल तर घाई करून नुकसानच जास्त.

सेंट फोल्डर रिकामा होता, पण त्यावर विसंबून चालत नाही. आत शिरलेला माणूस पाठवलेले मेल पुसूनही टाकतो. आणि उलटंही होतं, २०१८ च्या एप्रिलमध्ये बऱ्याच जीमेलवाल्यांना स्वतःच्या सेंटमध्ये स्पॅम दिसला होता, खाती हॅक झाली नव्हती, खोट्या हेडरमुळं (हेडर म्हणजे मेलसोबत येणारी पाठवणाऱ्याची आणि प्रवासाची माहिती) तसं दिसत होतं. म्हणून आम्ही तीन गोष्टी बघितल्या. मेल सर्व्हिसच्या पॅनलमधली लॉगिनची हिस्टरी, तिथं वर्कशॉपचं आणि दादांच्या मोबाइलचंच कनेक्शन. मग फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे नियम, कारण घुसलेले लोक गुपचूप एक नियम टाकून ठेवतात की ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल तिकडं पाठव. तसं काही नव्हतं. आणि तिसरं म्हणजे परत आलेल्या मेलातले मूळ हेडर.

हेडर वाचताना ‘रिसीव्हड’ म्हणून ओळी असतात, प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवत जातो, त्यामुळं प्रवास खालनं वर वाचायचा. गंमत अशी की खालच्या ओळी स्पॅमवाला स्वतः बनवून घालू शकतो. भरवसा ठेवायचा तो ज्या सर्व्हरनं मेल घेतला आणि परत पाठवला त्याच्या स्वतःच्या ओळीवर. तिथं प्रत्येक मेलला वेगळा परदेशी आयपी (पाठवणाऱ्या मशीनचा इंटरनेटवरचा नंबर), आमच्या मेल सर्व्हिसचा कुठंच मागमूस नाही. म्हणजे मेल आमच्या इथनं निघालेच नव्हते.

तरी पासवर्ड बदलला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू केलं. त्यानं हे दुखणं बरं होणार नव्हतं, पण दहा मिनिटांचं काम आहे आणि मॅडमचा पासवर्ड फर्मचं नाव आणि एकदोनतीन असा होता.

दुसरा प्रश्न: कोण करतंय

दादांना खात्री होती. आदल्या वर्षी एक सुपरवायझर सोडून गेला, त्यानं शेजारच्याच गाळ्यात स्वतःचं काम चालू केलं, दोन गिऱ्हाइकंही नेली. ‘त्याचंच काम हे, दुसऱ्या कुणाला एवढी खुन्नस?’ फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता.

खुन्नसनं असं होत नाही असं नाही. १९९७ साली अमेरिकेत जो डॉल नावाच्या माणसाच्या जोज डॉट कॉम या साइटवर असंच झालेलं, त्यानं एका स्पॅम करणाऱ्याचं खातं बंद केलं म्हणून त्या माणसानं जोच्याच नावानं स्पॅम सोडला, लोक जोवर तुटून पडले, आणि तेव्हापासनं असल्या प्रकाराला ‘जो जॉब’च म्हणतात. पण तिथं मेलमध्ये शिव्या खाण्यासारखा मजकूर आणि त्याच्या साइटचं नाव होतं. आमच्या मेलांत वर्कशॉपचा उल्लेखच नव्हता, जर्मन माणसाला पार्सलची फी मागून शेजारच्या गाळ्यातल्याला काय मिळणार. लाखो पत्त्यांच्या यादीतनं प्रोग्रॅमनं एक उघडं डोमेन उचललं, एवढंच. दादांना हे पटलं नाही पण फोन ठेवला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय, कारण तो सुपरवायझर आजही यांचं थोडं जॉबवर्क करतो.

हे जमतं तरी कसं

मेल ज्या नियमानं चालते तो एसएमटीपी १९८२ सालचा. तेव्हा नेटवर्कवर मोजकीच विद्यापीठं आणि सरकारी ठिकाणं, कोण पाठवतंय हे तपासायची गरजच कुणाला वाटली नाही. मेलला दोन ‘पाठवणारे’ असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या लेटरहेडवरचा. पोस्टात जसं पाकिटावर कुणाचंही नाव लिहून टाकता येतं तसंच. आपल्याला वाचताना दिसतो तो लेटरहेडवरचा, आणि मेल पोचला नाही तर परत येतो पाकिटावरच्या पत्त्याला. नीट सर्व्हर असला की ‘असा पत्ता नाही’ म्हणून दारातच नकार देतो. आळशी सर्व्हर आधी मेल घेतो, मग पत्ता नाही हे कळल्यावर पाकिटावरच्या बिचाऱ्याला परत पाठवतो. आमच्याकडं आलेला ढीग असल्या सर्व्हरांचा.

पुढं यावर तीन पट्ट्या लावल्या. एसपीएफ म्हणजे माझ्या डोमेनवरनं मेल पाठवायचा हक्क कुठल्या सर्व्हरांना आहे त्याची जाहीर यादी, पण ती पाकिटावरच्या नावाला लागू. डीकेआयएम म्हणजे मेलवर डिजिटल सही. आणि डीमार्क, ज्यावर २०१२ पासनं मोठ्या कंपन्या काम करत होत्या आणि २०१५ ला ते छापील स्वरूपात आलं, ते बघतं की लेटरहेडवरचं डोमेन त्या यादीशी किंवा सहीशी जुळतंय का, आणि जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते डोमेनच्या मालकानं सांगायचं: काही करू नका, स्पॅममध्ये टाका (क्वारंटाइन), किंवा दारातनंच परत पाठवा (रिजेक्ट).

पर्याय काय होते

काहीच न करणं. स्पॅमवाले एक डोमेन काही दिवस वापरतात आणि दुसऱ्यावर जातात, त्यामुळं हा पर्याय दिसतो तेवढा येडपट नाही. पुण्याचा फोन आला नसता तर मीही कॅच-ऑल बंद करा आणि आठवडाभर वाट बघा असंच म्हणालो असतो.

डोमेनच बदलणं. दादांचा आग्रह हाच होता, ‘नवीन घेऊ, हजाराच्या आत येतंय.’ पण बिलबुकं, जीएसटीतला पत्ता, गिऱ्हाइकांच्या पोर्टलवरची व्हेंडर नोंदणी, सगळीकडं तोच मेल. आणि कोऱ्या डोमेनकडं मोठे मेल सर्व्हर आणखीच संशयानं बघतात. वर नवीन डोमेनचं नाव वापरायलाही स्पॅमवाल्याला काही लागत नाही.

पोलिसांत जाणं. आयटी कायद्यात ६६-सी आणि ६६-डी ही कलमं आहेत, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरीनं फसवणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण शोधणार कुणाला, प्रत्येक मेल वेगळ्या देशातनं. १९३० हा नंबर पैसे गेले तर तातडीनं करायचा, इथं आमचे पैसे गेले नव्हते. तरी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, कारण उद्या आमच्या नावानं कुणी फसला तर हातात कागद असावा. दादांना त्या पावतीचा जेवढा धीर आला तेवढा माझ्या सगळ्या एसपीएफ-डीमार्कच्या प्रवचनानं आला नव्हता.

आणि चौथा, त्या तीन पट्ट्या नीट लावणं. कुणीही तुमचं नाव वापरायचं थांबत नाही त्यानं, फक्त समोरच्या सर्व्हरला खरं-खोटं ओळखता येतं.

काय केलं

कॅच-ऑल त्याच दिवशी बंद. आधी गेल्या वर्षभरात कुठल्या चुकीच्या पत्त्यांवर खरे मेल आले ते शोधलं, दोन निघाले, ते अलायस म्हणून, म्हणजे त्याच बॉक्सात येणारे जादा पत्ते म्हणून, ठेवले. इनबॉक्स बऱ्यापैकी शांत झाला.

मग डोमेनच्या पॅनलशी गाठ. वेबसाइटवाला पोरगा आता पुण्यात नोकरीला, जुना मोबाइल नंबर बंद, ओटीपी येणार कुठं. तो माणूस चांगला म्हणून निभावलं, जुन्या मेलचं लॉगिन शोधून काढून एका रविवारी फोनवर बसला. तो नसता सापडला तर पुढचं काहीच करता आलं नसतं.

पॅनल उघडल्यावर दिसलं की एसपीएफच्या नोंदी दोन. एक जुन्या होस्टिंगची, दुसरी मेल हलवताना कुणीतरी वरनं टाकलेली. डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते, दोन असल्या की तपासणारा सर्व्हर ‘नोंद बिघडलेली’ म्हणून सोडून देतो. म्हणजे इतकी वर्षं एसपीएफ असून नसल्यासारखं. दोन्ही मिळून एक केली, शेवटी यादीबाहेरच्यांना कडक नकाराऐवजी सध्या मवाळ नकार (संशय घ्या, फेकू नका) ठेवला.

डीकेआयएमची किल्ली, म्हणजे सही तपासायला डोमेनच्या नोंदींत टाकायचा मजकूर, मेल सर्व्हिसच्या पॅनलमधनं मिळाली, २०४८ बिटची, लांबलचक. डोमेनचं पॅनल जुनं, एका रकान्यात २५५ च्या पुढची अक्षरं त्यानं न सांगता कापली. वरनं सगळं ठीक, सेव्ह झालं म्हणून हिरवी टिक, पण जीमेलवर चाचणी मेल पाठवून ‘शो ओरिजिनल’ उघडलं तर डीकेआयएम फेल. किल्लीचे दोन तुकडे वेगळ्या अवतरणांत टाकल्यावर पास झालं. ही चाचणी न करता पुढं गेलेल्या बऱ्याच जणांची सही अर्धवटच असते.

डीमार्क ‘काही करू नका’वर ठेवलं, रिपोर्टसाठी वेगळा मेलबॉक्स काढला. इथं पुण्याच्या आयटीवाल्यांचं म्हणणं पडलं की सरळ रिजेक्टच लावा, मोकळे व्हा. त्यांच्या बाजूनं ते बरोबर, त्यांना कचरा नको होता. पण त्यांची कंपनी मोठी, कोण कुठनं मेल पाठवतं याची यादी त्यांच्याकडं असेल. आमच्याकडं नव्हती. मी विचारलं तर दादा म्हणाले, ‘मेल जातात की आपल्या मेलमधनं, अजून कुठनं जाणार?’

रिपोर्ट एक्सएमएलमध्ये येतात, झिप करून, प्रत्येक मोठ्या सर्व्हिसकडनं साधारण रोज एक. त्यात मेलचा मजकूर नसतो, कुठल्या आयपीवरनं तुमच्या नावानं किती मेल आले आणि तपासणीत काय झालं एवढंच. फुकटच्या एका रीडरमध्ये टाकले की तक्ता दिसतो. वरचा मोठा भाग स्पॅमवाल्यांचा, अपेक्षितच. पण मधे काही ओळी आमच्याच निघाल्या.

जुन्या होस्टिंगचा आयपी. मॅडमच्या पीसीवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर बिलं अजूनही तिथनंच पाठवत होतं, सेटिंग केल्यापासनं कुणी हात लावला नव्हता. म्हणजे आल्या आल्या, एसपीएफच्या दोन नोंदी तशाच असताना, रिजेक्ट लावलं असतं तर महिन्याची बिलंच गिऱ्हाइकाच्या दारातनं परत गेली असती. सोपा उपाय होता तो आयपी एसपीएफमध्ये कायमचा ठेवायचा, पण त्या सर्व्हरवर शेकडो दुसऱ्या साइट, त्यांतली कुठलीही एक बिघडली की तिथनं आमच्या नावानं सुटणारा मेल एसपीएफ पास होणार. म्हणून बिलिंग मेल सर्व्हिसवर हलवायचं ठरलं. मॅडमनी सांगितलं, अकरा तारखेला जीएसटीआर-वन भरून होईपर्यंत माझ्या पीसीला हात लावायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. तोवर आयपी यादीत राहू दिला.

दुसरं, झेरॉक्स मशीनचं स्कॅन-टू-मेल. जुनं मशीन, नव्या सर्व्हिसला लॉगिन करायची त्याची ऐपत नाही. ते बंद करून स्कॅन पीसीच्या फोल्डरला टाकायला लावलं, डिस्पॅचचा पोरगा आठवडाभर कुरकुरला.

तिसरं रिपोर्टात नव्हतं, पण होस्टिंग चाळताना सापडलं आणि मला त्याचं हसूच आलं. वेबसाइटवरचा इन्क्वायरी फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून घालून दादांना मेल करत होता. म्हणजे स्पॅमवाला आमच्याशी करत होता तेच आमची वेबसाइट गिऱ्हाइकांशी करत होती. याहूनं २०१४ च्या एप्रिलमध्येच आपल्या याहू डॉट कॉमच्या पत्त्यांना रिजेक्ट लावलंय, तेव्हा याहूवाल्या माणसानं भरलेली इन्क्वायरी दादांपर्यंत पोचण्याची शक्यता फारच कमी. किती गेल्या देव जाणे. फॉर्मचा पाठवणारा स्वतःच्या डोमेनचा केला आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर कुठं जावं त्या रकान्यात) टाकला.

अजून एक ओळ काही दिवस कोड्यात टाकत होती, एसपीएफ फेल पण डीकेआयएम पास. एका गिऱ्हाइकानं आपल्या जुन्या पत्त्यावरचे मेल जीमेलला फॉरवर्ड लावले होते. फॉरवर्ड झालेला मेल मधल्या सर्व्हरवरनं येतो, तो आमच्या यादीत कुठनं असणार, पण सही टिकते. डीमार्कला दोन्हीपैकी एक जुळलं तरी चालतं. सही अर्धवट राहिली असती तर रिजेक्ट लावल्यावर हा माणूस आमच्या बिलांना मुकला असता.

बिलिंग हललं, एक अख्खं बिलिंगचं चक्र रिपोर्टात स्वच्छ दिसलं, मग डीमार्क क्वारंटाइनवर नेलं, जुना आयपी काढला, आणि नंतरच रिजेक्ट.

निकाल

परत येणारे मेल रिजेक्ट लावायच्या बऱ्याच आधी आटले होते. श्रेय डीमार्कला देता येत नाही, कॅच-ऑल बंद केल्यानं निम्मं काम झालं आणि स्पॅमवाला बहुधा दुसरीकडं गेला. डीमार्कचा फायदा वेगळीकडं दिसला: पुण्याच्या आयटीला तिन्ही तपासण्या पास झालेला हेडर दाखवल्यावर त्यांनी डोमेनवरची खूण काढली, बिलं परत इनबॉक्सात पडायला लागली. रिपोर्टात आजही परक्या आयपींच्या ओळी येतात, पण शेजारी रिजेक्ट लिहिलेलं असतं.

भोक मात्र बुजत नाही ते बुजत नाहीच. आमच्या डोमेनसारखं दिसणारं, एक अक्षर इकडंतिकडं असलेलं डोमेन कुणी विकत घेतलं तर त्याच्या तीनही तपासण्या पास होतील. म्हणून गिऱ्हाइकांना एक पत्र गेलं, की बँक खातं बदलल्याचा मेल आला तर दादांच्या जुन्या मोबाइल नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडू नका. दादांनी ते लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पाठवलं, स्कॅन करून, मेलनंच.

वेगळं काय करता आलं असतं

रिजेक्टपर्यंत जायला आम्ही वेळ घेतला तो या फर्मसाठी योग्यच होता असं मला वाटतं. पण एखाद्या डॉक्टरचं किंवा वकिलाचं डोमेन असेल, मेल एकाच सर्व्हिसवरनं जात असेल, ना फॉर्म ना बिलिंग, तर एकदोन आठवड्यांचे रिपोर्ट बघून पुढं जायला हरकत नाही. आणि ज्यांचा पत्ताच जीमेलचा किंवा याहूचा आहे त्यांच्या हातात यातलं काही नाही, त्या डोमेनच्या नोंदी त्या कंपनीच्या ताब्यात. त्यांनी लॉगिनची हिस्टरी आणि फॉरवर्डिंग तपासावं, टू-स्टेप लावावं, परत आलेल्या मेलांना फिल्टर लावावा आणि ओळखीच्यांना एक व्हॉट्सअ‍ॅप टाकावा. चिडलेल्यांना एकेक उत्तर देत बसू नये, मॅडमनी पहिल्या दिवशी दोघांना दिलं तर तिकडनं आणखी मोठं उत्तर आलं.

डोमेनचं लॉगिन मात्र आधीच ताब्यात असायला हवं होतं. आता ते दादांच्या नावावर, दादांच्या मोबाइलवर आहे, मेल त्या डोमेनबाहेरचा दिलाय कारण डोमेनच अडकलं तर ओटीपी पण अडकेल.

आणि लॉगिन मिळालं त्या रविवारीच आणखी एक काम उरकता आलं असतं, जे शेवटाला ढकललं गेलं. दादांनी कधीतरी डॉट इनही घेऊन ठेवलेलं, त्यावरनं एकही मेल जात नाही. तिथं बघायला ना बिलिंग ना झेरॉक्स मशीन, रिपोर्टची वाट बघायचं कारणच नाही. एसपीएफमध्ये कुणालाच परवानगी नाही आणि डीमार्क थेट रिजेक्ट, दोन ओळींचं काम होतं.